पाणाड्याच्या हातातला नारळ कशाने उठतो?

उन्हाळा सरत आला, विहिरीने तळ गाठला आणि बोअर मारायचे ठरले, की महाराष्ट्रातल्या अनेक गावांत गाडीवाल्याच्या आधी पाणाड्याला, म्हणजे जमिनीखालचे पाणी कुठे आहे ते दाखवणाऱ्याला, बोलावणे जाते. कुणी पाणाड्या झाडाची ओली बेचकी घेऊन येतो, कुणी काटकोनात वाकवलेल्या तांब्याच्या दोन तारा आणतो, कुणाकडे दोऱ्याला बांधलेला लोलक असतो; पण लोकांच्या मनात ठसलेला आहे तो नारळ. सोललेला नारळ तळहातावर आडवा ठेवून माणूस सावकाश शेत तुडवत जातो आणि एका जागी तो नारळ हळूहळू उठून उभा राहतो. तिथे दगड ठेवला जातो किंवा चुन्याची फुली मारली जाते, पाणाड्या दोन पावले मागे येऊन पुन्हा एकदा खात्री करून घेतो, आणि मग किती फुटांवर पाणी लागेल, किती इंच लागेल, हेही सांगून टाकतो. ज्याने हे जवळून पाहिले आहे त्याला ठाऊक असते की नारळ खरोखरच उठतो. तो उठतच नाही, असे म्हणून बोलायला सुरुवात करणाऱ्याचे पुढचे काही कुणी ऐकून घेत नाही, आणि त्यात ऐकणाऱ्यांचे काही चुकते असे मला वाटत नाही.

नारळ उठतो, हे निरीक्षण आहे. जमिनीखालचे पाणी त्याला उठवते, हे त्या निरीक्षणाचे एक स्पष्टीकरण आहे. या दोन गोष्टी बोलण्याच्या ओघात एकमेकींत इतक्या मिसळून जातात की एक मान्य केली म्हणजे दुसरीही मान्य झाली असे समजले जाते. प्रत्यक्षात पाणी आणि नारळ यांच्यामध्ये आणखी एक वस्तू असते, ती म्हणजे माणसाचा हात. तोच नारळ त्याच फुलीवर लाकडी पाटावर ठेवला तर तो निवांत पडून राहतो. पाण्याची ओढ नारळाला असती तर त्याला हाताची गरज पडली नसती. म्हणून खरा प्रश्न हाताविषयीचा आहे, आणि त्याचे उत्तर शोधण्यात गेल्या दोनशे वर्षांत काही अतिशय बुद्धिमान माणसांनी वेळ घालवला आहे.

आधी या साधनांची रचना नीट पाहू, कारण त्यांच्यात एक समान गुण आहे. बेचकीचे दोन पाय दोन मुठींत धरले जातात, तळवे आकाशाकडे वळवले जातात आणि मुठी बाहेरच्या बाजूला ताणल्या जातात. अशा वेळी बेचकी ताणलेल्या धनुष्यासारखी असते. तिच्यात ताकद आधीच भरलेली असते आणि मनगट जरासे वळले की ती झटक्याने खाली किंवा वर फिरते. मूठ आवळून धरली तर बेचकी मुठीतल्या मुठीत पिळली जाऊन तिची साल निघते, आणि ‘मी एवढे घट्ट धरूनही ती फिरली’ हा पाणाड्याचा अनुभव अक्षरशः खरा असतो. घट्ट धरल्यामुळेच ती इतक्या जोराने फिरते. तांब्याच्या तारांचे कारण आणखी सोपे आहे. ओळंब्यात न बसवलेले दार जसे कुणी न ढकलता उघडते किंवा मिटते, तशी मूठ केसभर झुकली की तार आपल्या वजनाने फिरते. नारळ तळहाताच्या खोलगटात जेमतेम तोल सांभाळून असतो, आत पाणी हलत असते, आणि बोटे किंचित आत वळली की त्याचा तोल एका टोकाकडे जातो. लोलकाची गोष्ट झोपाळ्यासारखी आहे. पंचवीस सेंटिमीटर दोऱ्याला टांगलेला लोलक एक झोका साधारण एका सेकंदात पुरा करतो, आणि त्याच ठेक्याला धरून बोटाने दिलेला अगदी नगण्य रेटाही वीस-तीस झोक्यांत मोठा फेर धरायला लावतो. थोडक्यात, या सगळ्या वस्तू डळमळीत तोलावर ठेवलेल्या असतात आणि हाताची डोळ्यांना न दिसणारी हालचाल त्या मोठी करून दाखवतात.

इथपर्यंत आले की ऐकणारा साहजिकच विचारतो, मग पाणाडी फसवतात असे म्हणायचे आहे का? पाणी दाखवण्याचा एक रुपयाही न घेणारे, सेवा म्हणून चार-चार गावे फिरणारे पाणाडी असतात. त्यांच्यावर लबाडीचा आरोप करणे अन्यायाचे तर आहेच, शिवाय ते चूकही आहे. आपला हात हलतो आहे याची त्यांना खरोखर कल्पना नसते. ही गोष्ट कोणी टीकाकाराने तर्काने काढलेली नाही. ती एका रसायनशास्त्रज्ञाने स्वतःच्याच हातावर प्रयोग करून सिद्ध केली.

मिशेल यूजीन शेव्रल हा फ्रेंच शास्त्रज्ञ चरबी आणि साबण यांच्या रसायनशास्त्रासाठी ओळखला जातो. त्याच्या काळात युरोपात लोलकाचे मोठे प्रस्थ होते. विशिष्ट धातूवर किंवा पाण्यावर धरला की लोलक आपोआप झुलू लागतो, असे सांगितले जाई. शेव्रलने १८१२ च्या सुमारास स्वतः दोऱ्याला लोखंडी कडी बांधून ती पाऱ्याच्या भांड्यावर धरली, आणि त्याच्याच आश्चर्याला पार राहिला नाही, कारण कडी खरोखर झुलू लागली. मग त्याने पारा आणि कडी यांच्यामध्ये काच सरकवली, तर झोके मंदावत थांबले. काच काढली, पुन्हा सुरू झाले. इथे थांबला असता तर पाऱ्यातून निघणारी आणि काचेने अडणारी एक नवी शक्ती सापडल्याची घोषणा त्याला करता आली असती, आणि ती करणारे त्या काळात पुष्कळ होते. शेव्रलने त्याऐवजी आपल्या दंडाला लाकडाचा आधार दिला. आधार खांद्याकडून जसजसा बोटांकडे सरकला तसतसे झोके कमी होत गेले, आणि बोटेच टेकवली तेव्हा ते बंद पडले. शेवटी त्याने डोळ्यांवर पट्टी बांधून घेतली आणि मदतनिसाला सांगितले की मला न सांगता काच सरकवत जा, काढत जा. काच मध्ये आहे की नाही हे ठाऊक नसताना काचेचा लोलकावर कसलाही परिणाम होईना. १८३३ मध्ये त्याने हे सगळे एका खुल्या पत्रात लिहून प्रसिद्ध केले. ते पत्र आंद्रे अँपियरला उद्देशून होते, म्हणजे विजेचा प्रवाह आज ज्याच्या नावाने मोजला जातो त्याच अँपियरला. लोलक झुलावा अशी अपेक्षा मनात आली की हात तो झुलवतो आणि मनाला पत्ता लागू देत नाही, हा त्या पत्राचा गाभा.

शेव्रलच्या प्रयोगातली मला सर्वांत मोलाची वाटणारी गोष्ट म्हणजे त्याने स्वतःलाही संशयातून वगळले नाही. दुसऱ्याच्या अनुभवावर शंका घेणे फारसे कठीण नसते.

पुढे वीस वर्षांनी लंडनमध्ये टेबल फिरवण्याचे वेड आले. चार-सहा माणसे गोल टेबलाभोवती बसत, त्यावर हात टेकवत, आणि थोड्या वेळाने टेबल सरकू किंवा फिरू लागे. कुणी म्हणे आत्मे, कुणी म्हणे वीज, कुणी म्हणे चुंबकत्व. वीज आणि चुंबकत्व यांचा विषय निघाल्यावर लोक मायकेल फॅरडेला विचारू लागले आणि १८५३ मध्ये त्याने एक साधी युक्ती केली. पुठ्ठ्याच्या चकत्या एकावर एक ठेवून त्यांच्यामध्ये मऊ, चिकट लुकणाच्या गोळ्या घातल्या आणि ही चवड टेबलावर ठेवून बसणाऱ्यांना तिच्यावर हात ठेवायला सांगितले. टेबल आधी हलून हातांना ओढत असेल तर खालचा पुठ्ठा पुढे गेलेला दिसेल. हात आधी हलून टेबलाला ओढत असतील तर वरचा. टेबल फिरून थांबल्यावर तपासले तेव्हा वरचे पुठ्ठे पुढे गेलेले होते. मग फॅरडेने त्याच चवडीला एक हलकी काडी जोडली, जी हातांचा रेटा पडताच कलत असे. काडी झाकलेली असेपर्यंत टेबल फिरत राहिले. काडी सर्वांना दिसेल अशी ठेवली, तेव्हा आपला हात कुठे रेटतो आहे हे ज्याचे त्याला दिसू लागले, आणि टेबल जागचे हलेना. हात ठेवणारी माणसे प्रामाणिक आहेत हे फॅरडेने आरंभीच गृहीत धरले होते आणि शेवटी त्यांच्या प्रामाणिकपणाला काही धक्का लागलाही नाही.

या प्रकाराला नाव त्याच्या आदल्या वर्षी, १८५२ मध्ये, विल्यम कार्पेंटर या इंग्रज शरीरक्रियातज्ज्ञाने दिले होते. ते नाव म्हणजे आयडियोमोटर. मराठीत आपण त्याला कल्पनाप्रेरित हालचाल म्हणू. नाव जड असले तरी अनुभव रोजचा आहे. बाळाला घास भरवताना आईचे तोंड आपोआप उघडते. गाडीत चालवणाऱ्याच्या शेजारी बसलेल्याचा पाय, समोर ट्रक आला की, नसलेला ब्रेक दाबतो. कॅरममध्ये स्ट्रायकर सुटून गेल्यावरही खेळणारा अंगाने सोंगटीला भोकाकडे ढकलत असतो. यातले काहीही ठरवून केलेले नसते. एखादी हालचाल मनात उभी राहिली की तिचा फिकट ठसा स्नायूंवर उमटतो, आणि हात बराच वेळ पुढे धरून अवघडला असेल तर तो ठसा स्वतःला जाणवतही नाही. पाणाड्याच्या हातात त्या वेळी ती हालचाल मोठी करून दाखवणारी वस्तू असते, एवढाच फरक.

याच जातीची एक गोष्ट बर्लिनच्या घोड्याची आहे. विल्हेल्म फॉन ओस्टेन या गृहस्थाचा हान्स नावाचा घोडा खूर आपटून बेरीज-वजाबाकीची उत्तरे देई. मालक खोटे वागणारा नव्हता, तमाशाचे पैसेही घेत नसे. ऑस्कर फुंगस्टने १९०७ मध्ये दाखवून दिले की प्रश्न विचारणाऱ्यालाच उत्तर ठाऊक नसेल, किंवा विचारणारा घोड्याला दिसत नसेल, तर हान्स चुकतो. बरोबर आकड्यापाशी खूर पोहोचला की विचारणाऱ्याचे डोके नकळत किंचित वर येई आणि घोडा तेवढे टिपून थांबे. आपल्याकडे नंदीबैलवाला ढोलक्याच्या गुबूगुबूवर बैलाची मान हलवून घेतो, तेव्हा तो शिकवून ठेवलेला खेळ असतो आणि आपणही त्याला खेळ म्हणूनच दाद देतो. हान्सच्या बाबतीत इशारा देणाऱ्यालाच आपण इशारा देतो आहोत हे माहीत नव्हते. इतकेच नव्हे, हे सारे उलगडल्यावरही फुंगस्टला स्वतःचे इशारे पूर्णपणे थांबवता आले नाहीत.

आता पुन्हा शेताकडे येऊ, कारण ‘हात नकळत हलतो’ एवढ्याने वाद मिटत नाही. पाणाड्या म्हणेल, हलू द्या हात. पण मी दाखवलेल्या जागी पाणी लागते त्याचे काय? प्रश्न रास्त आहे आणि त्याचे उत्तर आपल्या पायाखालच्या खडकात आहे.

महाराष्ट्राचा सुमारे चार-पंचमांश भाग दख्खनच्या बेसाल्टने, म्हणजे साडेसहा कोटी वर्षांपूर्वी थरावर थर साचत गेलेल्या लाव्हाने, व्यापलेला आहे. वर माती, खाली मुरूम, त्याखाली कुठे हवेच्या बुडबुड्यांनी भोके पडलेला मांजऱ्या खडक, कुठे एकसंध काळा पाषाण, आणि दोन थरांच्या सांध्यावर कधी तांबड्या मातीचा पट्टा. या खडकात पाणी नदीसारखे वाहत नसते. पावसाचे मुरलेले पाणी मुरमात, भोकांत, भेगांत आणि थरांच्या सांध्यांत साठते आणि अतिशय सावकाश सरकते. ‘पाण्याची धार’ नेमक्या एका रेषेतून जाते आणि दोन फूट बाजूला गेले की हुकते, हे चित्र बहुतेक ठिकाणी या खडकाला लागू पडत नाही. एखाद्या भेगेच्या बाबतीत ते खरे असू शकते. पण मुरमाचा किंवा मांजऱ्याचा पाणी धरणारा थर बहुधा बऱ्याच क्षेत्रावर पसरलेला असतो. अशा शेतात कुठेही छिद्र पाडले तरी थोडेफार पाणी लागण्याची शक्यता असतेच. म्हणून ‘पाणाड्याने दाखवलेल्या किती बोअरना पाणी लागले’ हा प्रश्न अर्धाच आहे. उरलेला अर्धा असा, की त्याच शिवारात त्याला न विचारता मारलेल्या किती बोअरना लागले? समजा एखाद्या गावात डोळे मिटून पाडलेल्या शंभर बोअरपैकी साठांना पाणी लागते आणि पाणाड्याच्या शंभरांपैकीही साठांना लागते. तर त्याच्या नावावर साठ यशे जमा होतात, लोक साठ उदाहरणे तोंडपाठ सांगतात, आणि तरीही नारळाने त्यात काही भर घातलेली नसते.

उरलेल्या चाळीस बोअरचे काय होते, हे पाहण्यासारखे असते. बोअर तिरकी गेली. गाडी खुणेपासून दोन फूट सरकवली. आणखी पन्नास फूट खाली गेला असता तर लागले असते. पाणी होते पण शेजाऱ्याच्या बोअरने ओढून घेतले. यांतले शेवटचे कारण कधीकधी खरेही असते, म्हणून तर ही यादी पचून जाते. यश नारळाच्या खात्यावर लिहिले जाते आणि अपयश गाडीवाल्याच्या. शिवाय कोरड्या बोअरच्या कर्जाविषयी कुणी पारावर बसून कौतुकाने बोलत नाही. गावाच्या आठवणीत जे उरते ते आधीच चाळले गेलेले असते.

एक गोष्ट मात्र पाणाड्यांच्या बाजूने सांगितली पाहिजे. ज्याचे आयुष्य त्याच पंचक्रोशीत गेले आहे त्याला ओढ्याचे जुने पात्र, सखल भाग, उन्हाळ्यातही हिरवी राहणारी झाडे यांची जाण असते. सहाव्या शतकातल्या वराहमिहिराच्या ‘बृहत्संहिते’त दकार्गल नावाचा एक आख्खा अध्याय भूजलावर आहे आणि त्यात वेगवेगळी झाडे, वारुळे, माती-दगडांचे रंग यांवरून पाणी कुठल्या दिशेला किती खोल असेल याचे आडाखे बांधलेले आहेत. ते सगळे बरोबर आहेत असे नव्हे. पण ते तपासता येतील अशा स्वरूपाचे आहेत, आणि काही वनस्पतींचा उथळ पाण्याशी संबंध असतो हे आजही मानले जाते. अनुभवी पाणाड्याची ही जाण नकळत त्याच्या बोटांपर्यंत पोहोचत असेल, तर नारळ त्याला काही सांगत नसून तोच आपल्याला माहीत असलेले नारळाकडून वदवून घेत असतो. हे खरे असेल तर जिथे झाडे, उतार, ओढा यांतले काहीच दिसत नाही तिथे त्याची विद्या चालू नये.

नेमकी हीच परीक्षा जर्मनीत घेतली गेली. १९८७-८८ मध्ये म्युनिकजवळच्या एका कोठारात तळमजल्यावर दहा मीटर लांबीच्या रेषेवर पाण्याचा नळ हवा तिथे सरकवता येईल अशी सोय केली गेली आणि पाणाड्यांना वरच्या मजल्यावरून नळाची जागा सांगायला लावली. सुमारे पाचशे इच्छुकांतून सर्वांत आश्वासक वाटलेले ४३ जण निवडले गेले आणि त्यांच्या मिळून ८४३ चाचण्या झाल्या. प्रयोग करणाऱ्या भौतिकशास्त्रज्ञांनी जाहीर केले की बहुतेकांना जमले नाही, परंतु मोजक्या काही जणांच्या अंगी ही शक्ती निश्चित आहे. जिम एनराइट या अमेरिकी शास्त्रज्ञाने तीच आकडेवारी पुन्हा तपासली. त्या मोजक्या जणांचे यशही एका फेरीतून दुसऱ्या फेरीत टिकत नव्हते. सर्वोत्तम ठरलेल्या पाणाड्याची तुलना त्याने दर वेळी डोळे मिटून ‘नळ मधोमध आहे’ असे सांगणाऱ्या काल्पनिक माणसाशी केली. दहा मीटरच्या रेषेवर पाणाड्या त्याच्यापेक्षा सरासरी ४ मिलिमीटरने सरस निघाला. पुरेशी माणसे पुरेशा वेळा नाणे उडवत असतील तर त्यांतल्या कुणाला तरी लागोपाठ आठ छापे पडणारच; निकाल लागल्यावर त्याला शोधून काढून ‘हाच तो’ म्हणणे ही चूक फार शिकलेली माणसेही करतात.

१९९० मध्ये कासेल शहरात झालेली चाचणी मला अधिक आवडते, कारण तिच्यात अटी आधी ठरल्या. मैदानात ५० सेंटिमीटर खोल प्लास्टिकचे नळ पुरले होते, वर रंगीत पट्ट्यांनी त्यांची जागाही दाखवलेली होती, आणि सांगायचे होते ते एवढेच की आत्ता या नळातून पाणी वाहते आहे की नाही. सुमारे तीस पाणाड्यांनी भाग घेतला. चाचणी न्याय्य आहे आणि आपल्याला शंभर टक्के यश येईल असे त्यांनी आधी लिहून दिले होते. तीन दिवसांनी निकाल लागला तो नाणे उडवून लागला असता तसाच. पुण्यात २००८ मध्ये जयंत नारळीकर आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी फलज्योतिषाची जी चाचणी घेतली तिची बांधणी याच वळणाची होती. हुशार आणि बौद्धिक अक्षमता असलेल्या मुलांच्या मिळून दोनशे पत्रिकांमधून प्रत्येक ज्योतिषाला चाळीस द्यायच्या आणि कोणती कुणाची ते ओळखायला सांगायचे. उत्तरे पाठवणाऱ्या २७ ज्योतिषांचे सरासरी यश ४६ टक्के आले. विषय वेगळा, साधन वेगळे, पण प्रश्न विचारण्याची रीत एकच: उत्तर कुणालाही दिसणार नाही अशी व्यवस्था करा आणि यश म्हणजे काय हे आधी लिहून ठेवा.

भूवैज्ञानिक तरी कुठे चुकत नाही, असे यावर म्हटले जाते. चुकतो. जमिनीत विजेचा प्रवाह सोडून खडकाचा विद्युतरोध मोजला जातो, त्यावरून कोणत्या खोलीवर पाणी धरणारा थर असावा याचा अंदाज केला जातो, आणि तो अंदाज बेसाल्टमध्ये अनेकदा फसतो. फरक असा की ओल्या मुरमाचा रोध कोरड्या पाषाणापेक्षा कमी असतो हे यंत्र कुणाच्याही हातात दिले तरी तसेच राहते, यंत्र धरणाऱ्याची अपेक्षा काय आहे याच्याशी त्याला कर्तव्य नसते, आणि फसलेल्या बोअरची नोंद ठेवली तर पुढचा अंदाज सुधारता येतो.

शेतातली चूक लाख-दीड लाखाची असते, जी सोसणाऱ्याला काही थोडी नसते. पण हीच कल्पनाप्रेरित हालचाल जेव्हा बॉम्ब शोधायला वापरली गेली तेव्हा तिची किंमत माणसांनी जिवाने मोजली. एडीई-६५१ नावाचे एक उपकरण जेम्स मॅककॉर्मिक या ब्रिटिश व्यापाऱ्याने इराकला विकले. एक मूठ आणि तिच्यावर फिरणारी अँटेना, एवढाच त्याचा ऐवज. आत बॅटरी नाही, काम करणारे काहीही नाही. हरवलेले गोल्फचे चेंडू शोधायचे म्हणून जी गमतीची वस्तू काही डॉलरला विकली जात होती तिच्यावरूनच ते बेतलेले होते, आणि इराकने त्यासाठी कोट्यवधी डॉलर मोजले. बगदादच्या नाक्यांवर सैनिक ते हातात धरून मोटारींच्या बाजूने चालत आणि अँटेना वळली तर गाडी तपासत. मॅककॉर्मिकला २०१३ मध्ये दहा वर्षांची शिक्षा झाली. त्याच्या बाबतीत प्रामाणिक गैरसमजाचा प्रश्न नव्हता. तरीही ही कांडी नाक्यांवर आणखी तीन वर्षे फिरत राहिली, आणि २०१६ च्या जुलैत कर्रादा भागात मोठा स्फोट झाल्यावर तिथल्या पंतप्रधानांना ती काढून घेण्याचा हुकूम काढावा लागला. ती धरणाऱ्या सैनिकाला अँटेना स्वतःहून वळताना दिसत होती, आणि स्वतःच्या डोळ्यांनी पाहिलेले नाकारायला त्याच्याकडे काही कारण नव्हते.

वसतिगृहांत रात्री मेणबत्ती लावून जे प्लँचेट केले जाते त्याचा वेगळा विचार करायची गरज उरत नाही. उपडी वाटी, भोवती अक्षरे आणि तिच्यावर तीन-चार बोटे: फॅरडेचे टेबलच लहान झालेले आहे. सर्वांचे डोळे बांधावेत आणि अक्षरांचा कागद गुपचूप फिरवून ठेवावा. आत्म्याला तरी अक्षरे दिसायला हरकत नसावी, पण वाटी निरर्थक अक्षरे जोडू लागते.

पाणाड्याची परीक्षा घ्यायची तर बोअर मारण्याचा खर्च करावा लागत नाही, आणि त्याचा पाणउतारा करण्याचे तर कारणच नाही. बांधालगत दोनशे फुटांची सरळ रेघ घ्यावी आणि पाणाड्याला डोळे उघडे ठेवून तिच्यावरची सर्वांत खात्रीची एक जागा दाखवायला सांगावी. जमिनीवर खूण न करता तिचे अंतर टेपने मोजून वहीत लिहावे, आणि पुन्हा किती फुटांच्या आत आले तर बरोबर धरायचे हे त्यालाच ठरवू द्यावे. तो दहा फूट म्हणाला असे समजू. मग त्याच्या डोळ्यांवर पंचा बांधून, दर वेळी वेगळ्या ठिकाणाहून सुरुवात करून, दहा फेऱ्या माराव्यात. हात धरून नेणारा माणूस असा असावा की ज्याला ती जागा माहीत नाही, म्हणजे बर्लिनच्या घोड्यासारखा प्रकार व्हायला नको. अलीकडे दहा आणि पलीकडे दहा असे वीस फूट म्हणजे रेघेचा दहावा हिस्सा, तेव्हा केवळ योगायोगाने दहांत सरासरी एक फेरी बरोबर येईल. चार किंवा अधिक फेऱ्या योगायोगाने बरोबर येण्याची शक्यता शंभरात सव्वाच्या आसपास आहे. चार आल्या तर ती परीक्षा पुन्हा घेण्यासारखी गोष्ट ठरेल आणि मी स्वतः ती पाहायला येईन. नारळ त्या दहाही फेऱ्यांत कुठे ना कुठे उठेल, पंचा बांधला म्हणून तो अडून बसणार नाही. वहीत लिहायचे ते एवढेच, की दर वेळी कुठे.